पेंग्विनची बेरिल

बेरिल टॅम्सिनला पहिल्यांदा खटकली ती पत्र्यामुळे.

ऐन थंडीत, जुलैतल्या एका गुरुवारी संध्याकाळी दक्षिणेकडून वारा सुटला आणि शेडच्या मागच्या कोपऱ्यातला एक पत्रा उचकटून नदीकाठी जाऊन पडला. शुक्रवारी सकाळी टॅम्सिनने स्वतः शिडीवर चढून तिथे ताडपत्री ताणली आणि लगेच कामाला लागली. शनिवारी टोस्ट खाता खाता ती लोकवर्गणीच्या वेबसाइटवर आपल्या पानाखालच्या कमेंट वाचत होती, तर बेरिलने लिहिलेलं दिसलं, "जरा धीर धरा की हो. परवाच्या वाऱ्यात बिचाऱ्या पोरींच्या शेडचा पत्रा उडाला, तरी दुसऱ्या दिवशी करवत चालूच. असली माणसं कुणाला फसवत नसतात."

टॅम्सिनचा घास तोंडातच राहिला. पत्र्याबद्दल तिने किंवा तिच्या मैत्रिणीने कुठेही एक अक्षर लिहिलं नव्हतं. फ्रँकलिनमध्ये नदीच्या कडेला, रस्त्यावरून दिसतही नाही अशी त्यांची शेड. आणि ही बेरिल तर राहायची पेंग्विनला, म्हणजे टास्मानियाच्या पार दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावरच्या गावात. गाडीने चार तास.

टॅम्सिन पेनहॅलो होड्या बांधायची. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पटाशी हातात घेतली होती, आता एकोणचाळीस. माणसांपेक्षा लाकडाशी तिचं जास्त जमायचं, असं लोक म्हणायचे आणि तिलाही ते पटायचं. तिची मैत्रीण आनेके बरोबर उलट. आनेके व्हर्होएफचे आजीआजोबा हॉलंडहून येऊन किंग्स्टनला स्थायिक झालेले. बोलण्यात ती कुणाला हार जायची नाही. दोघींनी मिळून एक कल्पना काढली. आठ फुटी वल्ह्याची होडी, कापलेल्या तुकड्यांच्या रूपात एका चपट्या खोक्यात घालून घरपोच द्यायची. घेणाऱ्याने ती चार शनिवार-रविवारांत अंगणात जुळवायची आणि पाण्यात सोडायची. किनाऱ्यावर तुरुतुरु धावणाऱ्या एका पक्ष्याच्या नावावरून होडीला नाव दिलं डॉटरेल. फेब्रुवारीत वेबसाइटवर टाकलं आणि महिन्याभरात तीनशे चाळीस जणांनी पैसे भरले. ऑक्टोबरपर्यंत होडी देऊ असं दोघींनी कबूल केलं. होडी टॅम्सिनने करायची आणि पाठीराख्यांशी बोलायचं आनेकेने, अशी वाटणी आपोआपच झाली. दर पंधरा दिवसांनी आनेके खबरबात लिहायची. खाली दोघींची नावं असायची.

जूनमध्ये गडबड झाली. नमुन्याची होडी पंधरा दिवस पाण्यात बांधून ठेवली होती. बाहेर काढली तर तळाच्या प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले. आलेला सगळा गठ्ठा खराब. व्यापारी हात वर करून मोकळा झाला. नवं प्लायवूड मागवायला दोन महिने लागणार होते. आनेकेने लिहिलं, "बंदरातल्या गर्दीमुळे माल यायला थोडा उशीर होतोय." टॅम्सिनने ते वाचलं, खाली आपलं नाव पाहिलं आणि काही न बोलता रंधा मारायला गेली.

पण लोक दुधखुळे नसतात. बॅलरॅटचा डेस ऑलसॉप नावाचा एक पाठीराखा होता. त्याने विचारलं, "कुठलं बंदर? कुठलं जहाज?" उत्तर आलं नाही तेव्हा त्याने लिहिलं, "जुलैचा म्हणून टाकलेला फोटो मे महिन्यातला आहे. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं, बाईसाहेब." त्या दिवसापासून पानाखालची हवाच बदलली. रोज कुणी ना कुणी विचारायचं, प्लायवूड कुठे आहे, पैसे कुठे आहेत, तुम्ही कुठे आहात. वेबसाइटच्या नियमाप्रमाणे जुलैअखेरपर्यंत पैसे परत मागता येत होते. मागणाऱ्यांची रांग लागायला सुरुवात झाली.

आणि तेव्हाच बेरिल अवतरली. तिने होडी घेतलीच नव्हती. नुसते दहा डॉलर भरून ती पाठीराखी झाली होती. "माझे गुडघे गेले, मी कसली वल्ही मारते? पण पोरींचं कौतुक वाटलं म्हणून दिले," असं तिने लिहिलं होतं. ती डेसला चिमटे काढायची. "डेसभाऊ, तुम्ही लग्नात नवरीचं कॅलेंडर तपासलं होतंत का?" यावर चाळीस जण हसले होते. कुणी आजारी असल्याचं लिहिलं की बेरिल त्याची विचारपूस करायची. लोकांना तिचा लळा लागला. टॅम्सिनलाही ती आवडायची. आता मात्र पत्र्याचं तिला कोडं पडलं.

"आनेके, ह्या बेरिलला पत्र्याचं कसं कळलं?" तिने सोमवारी विचारलं.

आनेके लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "गाव आहे बाई हे. कुणीतरी कुणालातरी सांगितलं असेल."

"पेंग्विनपर्यंत?"

"बेकरीत शिंकलीस तरी होबार्टला रुमाल काढतात. तू कधीपासून कमेंटांच्या नादी लागलीस?"

पण त्या दिवसापासून ती मागे वळून पाहायला लागली. रस्त्यावर थांबलेली अनोळखी गाडी, पलीकडच्या धक्क्यावर गळ टाकून बसलेला माणूस, टपाल देणारी बाई, सगळ्यांकडे तिची नजर वेगळी झाली. आठवड्याने बेरिलने पुन्हा लिहिलं, "आता तर नवे पिवळे शिकंजेही आलेत, चोवीस. कामाला वेग येणार बघा." फळ्या घट्ट धरून ठेवायचे ते शिकंजे आदल्याच दिवशी आले होते. पिवळे. बरोबर चोवीस.

ते शिकंजे गाडीतून उतरवायला मर्व्ह टिलयार्डने हात लावला होता.

मर्व्ह चौऱ्याहत्तर वर्षांचा. ब्रूनी बेटाच्या फेरीबोटीवर आयुष्यभर दोर टाकून निवृत्त झालेला, बायको गेल्यापासून एकटा. रोज सकाळी दहाला आपला मग घेऊन शेडमध्ये यायचा, पिंपावर बसायचा, चहा प्यायचा आणि टॅम्सिन काम करायची त्याकडे पाहत राहायचा. कधी एखादी फळी धरायचा. आणि त्याची धाकटी बहीण पेंग्विनला दिलेली होती. तो तिच्याशी दर रविवारी फोनवर बोलायचा, हे टॅम्सिनला माहीत होतं.

हे सगळं जुळलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. मर्व्ह सांगतो, बहीण लिहिते. आणि आज गोड लिहितात, उद्या प्लायवूडचं लिहितील. पापुद्रे सुटलेली होडी मर्व्हने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिने चहा ओतलाच नाही.

"मर्व्ह, तुमच्या बहिणीचं नाव काय?"

"लॉर्ना. का गं?"

"बेरिल नाही?"

"बेरिल?" तो हसला. "बेरिल आमची गाय होती एक. काय झालं?"

"इथलं सगळं कुणीतरी बाहेर सांगतंय. पत्र्याचं, शिकंज्यांचं. इथे रोज येणारे तुम्ही एकटेच आहात."

मर्व्हचं हसू हळूहळू गेलं. "माझ्यावर आळ घेतेस तू, पोरी?"

"मी फक्त विचारतेय."

"विचारण्याचा आवाज मला कळतो. चाळीस वर्षं माणसं चढवली-उतरवली मी." त्याने रिकामा मग कोटाच्या खिशात कोंबला. "लॉर्नाला अजून मोबाइल उचलता येत नाही धड. पण तुझी खात्री झालीये. मग राहू दे."

तो गेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, साडेदहा वाजले. पिंप रिकामंच. चला, एक भोक बुजलं, असं टॅम्सिन स्वतःला म्हणाली. पण काम करताना तिला पाठीमागे कुणी नसल्याचं सारखं जाणवत राहिलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पटाशी निसटली आणि तिच्या डाव्या तळहातात घुसली. रक्त थांबेना. शेडमध्ये त्या वेळी फक्त आनेके होती. तिनेच टॉवेल गुंडाळून तिला गाडीत घातलं आणि ह्युऑनविलच्या दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले. परत येताना दोघींनी शिंपल्यांचं सारण भरलेले स्कॅलप पाय घेतले आणि गाडीतच बसून खाल्ले. आनेके तिच्यासाठी तुकडे करून देत होती. "कुणाला सांगू नकोस," टॅम्सिन म्हणाली. "डेस म्हणेल, आता हाताचं निमित्त काढलं."

"छे, वेडी आहेस का!"

दोन दिवसांनी बेरिलने लिहिलं, "टॅम्सिनबाईंना सांगा, थंडीत टाके ओढतात. हात लोकरीत ठेवा म्हणावं. आमच्याकडे बदकाची चरबी चोळतात."

टॅम्सिन ती ओळ वाचत उभीच राहिली. मर्व्ह तीन आठवडे फिरकला नव्हता. नर्सने कुणाला सांगितलं असेल? मग तिला बदकाची चरबी आठवली. बदकाची चरबी आनेकेची आजी चोळायची. गाडीत, खाता खाता, आनेकेनेच सांगितलं होतं.

ती टेबलाशी गेली. आनेके नव्या खबरीसाठी फोटो निवडत होती.

"बेरिल तू आहेस."

आनेकेचं बोट थांबलं. क्षणभर तिने नेहमीसारखं हसून बघायचा प्रयत्न केला. पण टॅम्सिनचा चेहरा पाहिला आणि तिने लॅपटॉप मिटला.

"हो," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"जुलैच्या सुरुवातीपासून. डेसने कॅलेंडरचं काढलं त्याच दिवशी. टॅम, ते लोक आपल्याला उभं चिरत होते. तू इथे रंधा मारत होतीस, तुला काय माहीत? मला रोज सकाळी उठून शिव्या वाचाव्या लागायच्या. आपल्या बाजूने बोलणारं एक माणूस नव्हतं. एक! म्हणून मी केलं एक माणूस."

"खोटं माणूस."

"खोटं काय लिहिलं तिने? पत्रा उडाला नव्हता? शिकंजे आले नव्हते? बेरिलने एक अक्षर खोटं लिहिलं नाही. खोटं तुझ्या-माझ्या सहीने गेलं. बंदरातल्या गर्दीचं."

टॅम्सिन जास्तच चिडली. "त्या मर्व्हला मी घालवला, आनेके! तू बघत होतीस. तुला ठाऊक होतं आणि तू बघत बसलीस."

आनेके खाली बघायला लागली. "मला वाटलं, येईल तो चार दिवसांनी."

"आणखी काय आहे? सगळं सांग."

सगळं म्हणजे बरंच होतं. लोक बेरिलला खाजगीत लिहायचे. वायाला गावची फे नावाची एक विधवा बाई जवळजवळ रोज लिहायची, गुडघ्यांचं, मुलाचं, एकटेपणाचं. आनेके तिला बेरिल म्हणून उत्तरं द्यायची. आणि सगळ्यात वाईट ते आनेकेने शेवटी, अगदी हळू आवाजात सांगितलं. जुलैअखेर पैसे परत मागितलेल्यांपैकी सव्वीस जणांनी आपली मागणी मागे घेतली होती. बेरिलच्या शब्दावर. "बेरिल म्हणते तर थांबतो," असं त्यातल्या काहींनी लिहिलंही होतं. आता मुदत संपली होती.

टॅम्सिन बाहेर जाऊन धक्क्यावर बसली. हाताचे टाके ठणकत होते. आनेकेवर ओरडून घ्यावं असं तिला वाटलं, पण जूनमध्ये ती खबर वाचून आपण काय केलं होतं तेही तिला स्वच्छ आठवत होतं.

आधी ती मर्व्हकडे गेली. त्याने दार अर्धंच उघडलं.

"चुकलं माझं," टॅम्सिन म्हणाली. "ती आनेके होती."

"ती लाडे लाडे बोलणारी?" मर्व्हला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "हं."

"तुम्ही या ना उद्यापासून. चहा…"

"बघ पोरी, तू मला विचारलं असतंस ना, मर्व्ह, हे कोण करत असेल, तर आपण दोघांनी पिंपावर बसून शोधून काढलं असतं. मजा आली असती. तू मला विचारलंस, तुमच्या बहिणीचं नाव काय." त्याने दाराच्या कडेवरून हात फिरवला. "गार वारा येतोय. हाताला जप."

दार लागलं. त्याने ते आपटलं नाही.

मग ती घरी येऊन लिहायला बसली. आयुष्यात तिने सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पहिल्या खेपेला तिने सगळा दोष व्यापाऱ्यावर टाकला आणि खोडलं. दुसऱ्या खेपेला आनेकेवर टाकला आणि तेही खोडलं. शेवटी जे उरलं ते असं होतं:

"मी टॅम्सिन. आजवरच्या खबरी आनेकेने लिहिल्या, पण माझं नाव खाली होतं आणि मी त्या वाचलेल्या आहेत. बंदरात गर्दी नव्हती. जूनमध्ये प्लायवूडचे पापुद्रे सुटले, पूर्ण गठ्ठा वाया गेला. हे आम्ही लपवलं. नवं प्लायवूड काल आलं. होड्या ऑक्टोबरला मिळणार नाहीत, उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारीत मिळतील. पेंग्विनची बेरिल कुणी नाही. ती आनेके आहे. ज्यांना पैसे परत हवेत त्यांना मी देईन, मुदत संपली असली तरी. फोटो आज सकाळचे आहेत."

आनेकेला तिने ते दाखवलं. आनेकेने दोनदा वाचलं. "बुडू आपण," ती म्हणाली.

"कदाचित."

"माझं आडनावही घाल," आनेके म्हणाली आणि उठून गेली.

टॅम्सिनला वाटलं होतं की लोक शिव्या देतील. शिव्या आल्याच, पण त्यांचं तिला इतकं लागलं नाही. लागलं ते निराळंच. एकाने लिहिलं, "बेरिल कोण ते कळलं. आता टॅम्सिन कोण ते सांगा." दुसऱ्याने लिहिलं, "बरोबर. हीसुद्धा आनेकेच असणार. साधीभोळी कारागीर बाई, लिहिता न येणारी. छान पात्र काढलंय." तिने हाताच्या टाक्यांचा फोटो टाकला. लगेच उत्तर आलं, "कुणाचा हात?" तिने शेडमध्ये उभं राहून व्हिडिओ केला, तर एकीने लिहिलं की बाई खरी असेल, पण हिला भाड्याने आणलं नसेल कशावरून? स्वतः जिवंत असल्याचा पुरावा काय द्यायचा हे टॅम्सिनला कळेना. तीन दिवसांत सत्तर जणांनी पैसे मागितले.

वायालाच्या त्या फेला आनेकेने स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं, चार पानांचं. उत्तर एका ओळीचं आलं, "मी बेरिलला नाताळचं कार्ड आणून ठेवलं होतं, ते आता कुणाला पाठवू?" आनेकेने ते टॅम्सिनला दाखवलं नाही, पण त्या दिवशी ती दुपारी लवकर घरी गेली. टॅम्सिनला ते बऱ्याच दिवसांनी समजलं.

इतका वेळ गप्प असलेला डेस ऑलसॉप चौथ्या दिवशी बोलला. "मी मंगळवारी येतोय. दाराला कुलूप असलं तर कुलपाचा फोटो इथे टाकीन."

मंगळवारी सकाळी नऊला एक पांढरी गाडी शेडसमोर थांबली. टॅम्सिनच्या डोळ्यांसमोर डेस म्हणजे एक धिप्पाड, लाल तोंडाचा माणूस होता. उतरला तो किडकिडीत, सत्तरीच्या आसपासचा, बूट नीट पुसलेला. बॅलरॅटला तीस वर्षं बांधकामं तपासण्याची नोकरी केलेला. रात्रभर बोटीने समुद्र ओलांडून, मग डेव्हनपोर्टहून गाडी हाकत आदल्या दिवशीच येऊन मुक्कामाला राहिला होता.

"तुम्ही टॅम्सिन?"

"हो."

"ओळखपत्र?"

तिने गाडी चालवण्याचा परवाना दाखवला. त्याने तो उजेडाकडे धरून पाहिला, तिचा चेहरा पाहिला, परत केला. मग गाडीतून त्याने एक पातेलं, गॅसची छोटी शेगडी, पाण्याचा कॅन आणि घडीची खुर्ची काढली.

"पाणी आहे की इथे," टॅम्सिन म्हणाली.

"माझं आहे."

नव्या प्लायवूडचा एक तुकडा तिने त्याच्यापुढे केला. तो त्याने घेतला नाही. गठ्ठ्यापाशी गेला, वरच्या दहा फळ्या तिला बाजूला करायला लावल्या, मधली एक निवडली आणि तिच्या कोपऱ्यातून स्वतः करवतीने चार बोटांचा तुकडा कापला. त्यावर पेनाने आपली सही केली. पाणी उकळलं तसा तुकडा त्यात सोडला आणि खुर्ची टाकून समोर बसला.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"सहा तास. डिंक वाईट असेल तर तिसऱ्या तासाला पुस्तकासारखा उलगडतो."

टॅम्सिनने चहा विचारला. त्याने थर्मास उचलून दाखवला. ती कामाला लागली, पण हात एकच चालत होता आणि लक्ष पातेल्याकडे होतं. आनेके अकराच्या सुमाराला आली, दारातच थबकली, आत येऊन म्हणाली, "मी आनेके."

डेसने तिच्याकडे पाहिलं. "लग्नात नवरीचं कॅलेंडर," तो म्हणाला.

आनेके कानापर्यंत लाल झाली.

"माझी बायको हसली होती त्याला," तो म्हणाला आणि पातेल्यात पाणी घातलं. आनेके अर्धा तास खोक्यांना चिकटपट्ट्या लावत राहिली आणि मग निघून गेली.

दुपारी त्याने आपलं सँडविच खाल्लं. मग अचानक विचारलं, "बेरिलचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"प्लायवूडचं माहीत होतं."

"होतं."

"मग बेरिलचं मला सांगत बसू नका." तो शांतपणे बोलत होता, शेगडीची ज्योत कमी करत. "मी तीस वर्षांत खूप खोटारडे पाहिले. बोलणारा सापडतो, कारण तो बोलतो. त्याच्या शेजारी मान खाली घालून विटा रचणारा असतो ना, त्याच्यामुळे इमारत पडते. त्याला सगळं माहीत असतं."

टॅम्सिनला रडू आलं नाही, राग आला नाही. एखादी फळी कुठे वाकलीये ते अचूक दाखवून दिल्यासारखं वाटलं.

साडेतीन वाजता त्याने तुकडा चिमट्याने बाहेर काढला, निवू दिला, सही तपासली. मग खिशातून स्वतःची पटाशी काढून थरांच्या मधे घातली आणि दाबली. लाकूड करकरलं. त्याने जोर लावला, तसा एक थर फाटला, पण डिंकाच्या रेषेवर नाही, लाकडातूनच, तंतू ओढत. डेसने तो भाग नाकाशी नेऊन पाहिला, अंगठ्याने घासला.

"डिंक धरून आहे," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. लाकूड चांगलं आहे." त्याने पातेल्यातलं पाणी गवतावर ओतलं. "तुमचं मला अजून माहीत नाही."

गाडीत बसून, निघायच्या आधी, त्याने फोनवर कमेंट टाकली. टॅम्सिनने ती शेडच्या दारात उभं राहून वाचली, "सहा तास उकळलं. सुटलं नाही. बाई खरी आहे, हातालाही टाके आहेत. बाकीचं होडी मिळाल्यावर सांगतो. मी माझे पैसे मागितलेले नाहीत."

त्यानंतर मागण्या येणं थांबलं असं नाही, पण मंदावलं. शेवटी एकशे तेरा जण गेले. त्यांचे पैसे फेडायला टॅम्सिनने स्वतः बांधलेली आपली शिडाची होडी विकली. आनेकेने लिहिणं सोडलं आणि खोकी भरण्याचं काम घेतलं. ती गेली नाही आणि टॅम्सिननेही तिला जा म्हटलं नाही. दोघी आता पूर्वीपेक्षा कमी बोलायच्या. खबर टॅम्सिन लिहायची, दर शुक्रवारी, पाच-सहा ओळी. या आठवड्यात किती होड्या कापल्या, काय बिघडलं. काही बिघडलं नसलं तर लोक विचारायचे, "नक्की?" आणि मग ती शेडभर फिरून काहीतरी शोधून काढायची, बिघडलेलं, आणि तेही लिहायची.

मर्व्ह परत आला नाही. दुकानात भेटला की हाताचं विचारायचा, बोटं हलवून दाखव म्हणायचा आणि आपली पावाची पिशवी घेऊन निघून जायचा.

पहिली साठ खोकी डिसेंबरात गेली, शेवटची फेब्रुवारीच्या मध्याला. मार्चच्या एका सकाळी पानावर नवी कमेंट आली. स्टॅनली गावची ग्रेटा मॅकिनन म्हणून कुणी. या नावाने आजवर एकही अक्षर आलेलं नव्हतं. तिने लिहिलं होतं की तिने आणि तिच्या वडिलांनी मिळून होडी जुळवली, वडील दोन वर्षांनी पहिल्यांदा घराबाहेर पडले, काल पाण्यात सोडली तेव्हा ते वल्ही हातातून सोडायलाच तयार नव्हते. खाली फोटो होता. तुम्ही दोघींनी काय दिलंय ते तुम्हाला कळणार नाही, असं शेवटी होतं.

टॅम्सिनने ते वाचलं आणि तिच्या मनात आधी आनंद नाही, शंका आली. तिने यादी उघडली. मॅकिनन, स्टॅनली, एकशे अठरा क्रमांक. मग फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, होडीच्या मागच्या फळीवर कोरलेला आकडा दिसेपर्यंत. एक, एक, आठ. तरी तिने फोन उचलला.

"आनेके, ग्रेटा मॅकिनन तू नाहीस ना?"

"नाही गं, टॅम. मी नाही."

"शपथ?"

"माझ्या शपथेचा तुला काय उपयोग?" आनेके म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या बाईला फोन कर. नंबर असेल यादीत."

टॅम्सिनने नंबर काढला. फोन दोनदा वाजला, तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. मागे वारा होता, एक म्हातारा माणूस कुणालातरी मोठ्याने सांगत होता की उजवं वल्हं आधी, उजवं.

"हॅलो?" एका बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

टॅम्सिनने आपलं नाव सांगितलं.

"खरंच?" बाई म्हणाली. "टॅम्सिन? कशावरून?"